सुई टोचल्यानंतरचे ७२ तास

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण तुमच्या घरात, भावकीत, नाहीतर गल्लीत कुणी ना कुणी दवाखान्यात कामाला असेलच. सिस्टर असेल, लॅबवाला असेल, वॉर्डबॉय असेल किंवा झाडू-फरशी करणारी मावशी असेल. त्यांच्यासाठी तरी शेवटपर्यंत वाचा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेनऊला मागच्या गल्लीतला एक पोरगा दारात उभा. त्याची आई एका खासगी दवाखान्यात सफाईला. म्हणाला, "काका, आईनं परवापासून स्वतःचं ताट-तांब्या वेगळा ठेवलाय. काही विचारलं की रडते."

घरी गेलो. बराच वेळ मावशी बोललीच नाही. मग तळहात पुढे केला. दोन दिवसांपूर्वी दुपारी चारच्या सुमाराला कचऱ्याची काळी पिशवी उचलताना आतली सुई हातमोज्यातून आरपार घुसली होती. वरच्या माणसाला सांगितलं तर उत्तर मिळालं, "डेटॉलनं धू, काही होत नाही. उगाच बोभाटा करू नको." त्या वॉर्डात 'तसला' पेशंट होता असं तिनं नंतर कुणाकडून तरी ऐकलं. ठेकेदाराकडची नोकरी. बोलली तर उद्यापासून येऊ नको म्हणतील, आणि गल्लीत कळलं तर काय, या भीतीनं ती गप्प बसली. नातवाला लागण होऊ नये म्हणून ताट वेगळं केलं. ताटातून, तांब्यातून हा रोग पसरत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी काही डॉक्टर नाही. पण एड्सवर पत्रकारांसाठी झालेल्या एका कार्यशाळेत कधीकाळी बसलो होतो आणि तिथला '७२ तास' हा आकडा डोक्यात राहिला होता. बोटांवर मोजलं. साडेत्रेपन्न तास झाले होते. शेजाऱ्याची गाडी काढली आणि रात्रीच सत्तर किलोमीटरवरचं सिव्हिल गाठलं. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरनं दोन प्रश्न विचारले, कपाट उघडलं, गोळी काढली आणि म्हणाला, "आधी ही घ्या. तपासण्या मागाहून होतील."

परत येताना मनात एकच घोळत होतं. गोळी त्या कपाटात पहिल्या तासापासून पडून होती. ती मावशीपर्यंत यायला साडेपंचावन्न तास का लागले? आणि हे ७२ तास ठरवले तरी कुणी? तेव्हापासून जमेल तसं वाचत गेलो. जे कळलं ते आज मांडतो.

सुरुवात एका नर्सपासून

अमेरिकेत एड्सचे पहिले रुग्ण जून १९८१ मध्ये नोंदवले गेले. डिसेंबर १९८४ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक छोटी नोंद आली. इंग्लंडमधल्या एका नर्सला रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली होती. रुग्णाला लागण आफ्रिकेत झालेली. पुढच्या काही आठवड्यांत नर्सच्या रक्तातही त्याच विषाणूच्या खुणा दिसल्या. त्या विषाणूला तेव्हा एचआयव्ही हे नावसुद्धा पडलं नव्हतं. कर्मचाऱ्याला सुईतून लागण झाल्याची ही पहिली छापील नोंद.

भारतात १९८६ साल उजाडलं. मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला या विद्यार्थिनीनं देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. ठेवायला जागा नव्हती म्हणून ते घरच्या फ्रीजमध्ये ठेवले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासणी झाली आणि हा विषाणू आपल्याकडे आल्याचं कळलं.

तोपर्यंत दवाखान्यांत काय पद्धत होती? इंजेक्शन दिलं की सुईला परत टोपण लावायचं. शिकवायचेच तसं. एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात टोपण. नेम चुकला की सुई बोटात. म्हणजे सुरक्षित वाटणारी सवयच घात करत होती. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं नवे नियम काढले. सुईला परत टोपण लावू नका, ती वाकवू नका, वापरली की थेट जाड डब्यात टाका. आणि प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्य आहे असं समजूनच वागा, कारण तोंडाकडे बघून कुणाच्या रक्तात काय आहे ते कळत नाही. 'तसला पेशंट' वेगळा काढण्याची पद्धत शास्त्रानं तिथंच मोडीत काढली. आपल्याकडे ती अजून चालू आहे, ही गोष्ट निराळी.

किती धोका आहे?

एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली आणि काहीच उपाय केला नाही, तर लागण होण्याचा धोका सुमारे ०.३ टक्के. हजार जणांना टोचली तर तिघांना, ९९७ जणांना होत नाही. म्हणजे सुई टोचली की संपलं, असं अजिबात नाही. पण ते तीन कोण असतील हे आधी कुणालाच सांगता येत नाही. सगळा घोळ इथंच आहे.

या आकड्यानं संशोधकांचीही पंचाईत केली. एड्सवरचं पहिलं औषध एझेडटी, म्हणजे झिडोव्हुडीन. मुळात १९६४ मध्ये कॅन्सरसाठी बनवलेलं, त्यात अपयशी ठरलेलं. मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत त्याला एड्ससाठी परवानगी मिळाली. लगेच प्रश्न आला, की सुई टोचल्या टोचल्या हे दिलं तर विषाणूला मुळं धरायच्या आधीच उपटता येईल का?

सिद्ध करायचं तर निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना नुसती साखरेसारखी गोळी द्यावी लागते. धोका हजारात तीन, म्हणजे फरक दिसायला हजारो माणसं हवीत. आणि सुई टोचलेला माणूस 'मला खोटी गोळी मिळाली तरी चालेल' असं का म्हणेल? १९८० च्या दशकाच्या अखेरीला असा प्रयोग सुरू झालाही. शंभर माणसंसुद्धा जमली नाहीत. १९८९ मध्ये तो गुंडाळला.

तरीही काही दवाखाने आपल्या लोकांना एझेडटी देत राहिले. पुरावा नाही, पण हात बांधून बसायचं तरी कसं? औषध कडक होतं. मळमळ, थकवा, रक्त कमी होणं. अनेकांनी अर्ध्यातच सोडलं. काहींना औषध घेऊनही लागण झाली.

माकडं आणि जुनी कागदपत्रं

वाट दोन बाजूंनी सापडली.

पहिली माकडांच्या प्रयोगांतून. सिएटलच्या संशोधकांनी माकडांच्या शिरेत एचआयव्हीचा भाऊबंद असलेला विषाणू सोडला आणि मग टेनोफोव्हिर हे औषध दिलं. १९९५ मध्ये निकाल छापून आले. २४ तासांच्या आत सुरू करून चार आठवडे औषध दिलेलं एकही माकड बाधित झालं नाही. १९९८ मध्ये त्याच गटानं पुढचा प्रयोग छापला. ४८ किंवा ७२ तासांनी सुरू केलं तर संरक्षण कमी. तीन किंवा दहा दिवसांतच थांबवलं तरी कमी. २४ तासांच्या आत सुरुवात आणि पूर्ण २८ दिवस, एवढंच पक्कं ठरलं.

कारणही समजलं. विषाणू आत शिरला की लगेच अंगभर पसरत नाही. आधी शिरल्या जागेच्या पेशींत अडकतो, तिथून एक-दोन दिवसांत लसिकागाठींत पोचतो आणि मग रक्तात मोकाट सुटतो. एकदा गाठींत त्याचं बस्तान बसलं की त्याला कायमचं बाहेर काढणारं औषध आजही नाही. जे करायचं ते या फटीतच. म्हणून ७२ तास ही शेवटची बस समजा. एसटी सहाची असली की आपण साडेपाचलाच स्टँडवर असतो, तसंच हे.

दुसरी वाट दफ्तरातून. प्रयोग जमत नाही म्हटल्यावर सीडीसीनं मागची प्रकरणं उकरली. अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन, इटली इथून सुई टोचून लागण झालेले ३३ कर्मचारी शोधले आणि टोचूनही लागण न झालेले ६६५. दोघांत फरक काय, ते तपासलं. सुई खोल गेली असेल तर धोका १५ पट. सुईवर डोळ्यांना रक्त दिसत असेल तर सहा पट. सुई थेट शिरेत किंवा धमनीत वापरलेली असेल तर चार पट. रुग्ण शेवटच्या टप्प्यात असेल तर साडेपाच पट. आणि ज्यांनी एझेडटी घेतलं होतं त्यांच्यात धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी.

प्राथमिक निकाल डिसेंबर १९९५ मध्ये आले. पुढच्याच जूनमध्ये सीडीसीनं सुई टोचल्यावर औषध देण्याची रीतसर शिफारस केली. सविस्तर अभ्यास १९९७ मध्ये छापला गेला. हा पुरावा शंभर नंबरी नव्हता, तसं संशोधकांनीच लिहून ठेवलंय. पण त्या ३३ जणांनी आपली सुई नोंदवली नसती, कागद भरला नसता, तर एवढाही पुरावा मिळाला नसता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत येतो.

नर्स बोलल्या म्हणून

औषध मिळालं, पण सुई टोचतेच का, हा प्रश्न डॉक्टरांपेक्षा नर्सनी जास्त लावून धरला.

पेनसिल्व्हेनियातली लिंडा अर्नोल्ड २३ वर्षांची होती. १९९२ मध्ये सलाईन लावताना पेशंटनं हात झटकला आणि सुई तिच्या तळहातात गेली. लागण झाली. तिनं तोंड लपवलं नाही. वापरानंतर टोक आपोआप झाकलं जाईल अशा सुया द्या, म्हणून मोहीम काढली. कॅरन डेली मॅसॅच्युसेट्समधली अनुभवी नर्स. जुलै १९९८ मध्ये ती सुई टाकायच्या डब्यात सुई टाकत होती. डब्यातून वर आलेली दुसरीच सुई तिला टोचली. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी, दोन्ही झालं. पेशंटजवळ उभं राहायचं काम सुटलं. मग तिनं सभा घेतल्या, लोकप्रतिनिधींपुढे साक्ष दिली. ६ नोव्हेंबर २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी सुईच्या इजा रोखण्याच्या कायद्यावर सही केली, तेव्हा ती तिथं हजर होती. पुढे ती अमेरिकन नर्सेस असोसिएशनची अध्यक्ष झाली.

त्या कायद्यानं मालकांवर सुरक्षित सुया देणं बंधनकारक केलं, प्रत्येक इजेची नोंदवही ठेवायला लावली आणि कुठली सुई घ्यायची हे ठरवताना ती हाताळणाऱ्यांना विचारा असं सांगितलं. १९८५ ते २०१३ या काळात अमेरिकेत कामावर एचआयव्ही लागण झाल्याची पक्की प्रकरणं ५८. त्यातलं १९९९ नंतरचं फक्त एक, तेही प्रयोगशाळेत विषाणूवर काम करणाऱ्याचं. औषध, सुरक्षित सुया, शिस्त आणि रुग्णांवरचे चांगले उपचार, सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

गोळी आपल्याकडे कशी आली?

इथं मुंबईचा संबंध येतो. २००० च्या आसपास एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च पाश्चात्य कंपन्यांच्या दरानं दहा हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तीच औषधं एका आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्थेला वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी दरात देऊ केली. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाला नव्हे तर ते बनवण्याच्या रीतीला पेटंट मिळत होतं, म्हणून हे शक्य झालं. जगभर दर कोसळले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं मोफत औषधोपचार सुरू केले. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं.

आज राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे नॅकोच्या, मार्गदर्शनानुसार सुई टोचलेल्या कर्मचाऱ्याला दिवसाला एकच गोळी २८ दिवस घ्यायची असते. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राव्हिर, तीन औषधं एका गोळीत. जुन्या एझेडटीपेक्षा खूपच सुसह्य. त्यातलं टेनोफोव्हिर म्हणजे माकडांना वाचवणारं तेच औषध.

कायदाही आहे. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७, लागू १० सप्टेंबर २०१८ पासून. त्याचं कलम १९ सांगतं की आरोग्यसेवा देणाऱ्या प्रत्येक आस्थापनेनं, जिथं धोका आहे तिथं काम करणाऱ्या सर्व व्यक्तींना खबरदारीची साधनं, प्रशिक्षण आणि सुई टोचल्यानंतरचं औषध पुरवलं पाहिजे, आणि ते मिळतं हे त्यांना सांगितलंही पाहिजे. 'सर्व व्यक्ती'. ठेकेदाराची मावशी त्यात आली. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम म्हणतात की सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यातच जायला हव्यात. काळ्या पिशवीत सुई सापडली म्हणजे मावशीच्या आधी कुणीतरी वरच्यानं नियम मोडलेला असतो.

मग अडतं कुठं?

मावशीनं २८ दिवस गोळ्या घेतल्या. पहिल्या आठवड्यात मळमळलं, एकदा सोडते म्हणाली, पोरानं सोडू दिलं नाही. सहा महिन्यांनी शेवटची तपासणी झाली. रिपोर्ट निगेटिव्ह. ती गोळीमुळे वाचली की त्या सुईत मुळात काही नव्हतं, हे कुणीच सांगू शकत नाही. हजारात ९९७ चं गणित तिलाही लागू आहे. पण रिपोर्ट कळला त्या रात्री तिनं आपलं ताट परत सगळ्यांच्या ताटांत मिसळलं, असं पोरानं फोनवर सांगितलं.

(हे तिच्या परवानगीनं लिहितोय. दवाखाना आणि साल मुद्दाम गाळलंय.)

इतिहास वाचून मला जे दिसलं ते एवढंच. या लढाईत प्रत्येक पाऊल कुणीतरी 'मला टोचली' असं बोलल्यामुळे पुढे पडलं. आपल्याकडे औषध आहे, मोफत आहे, कायदा आहे. अडतं ते पहिल्या वाक्यावर. शिकाऊ सिस्टर बोलत नाही, कारण 'धांदरट आहे' असा शेरा बसेल. मावशी बोलत नाही, कारण रोजी जाईल. आणि वरचे म्हणतात, बोभाटा नको. त्या गप्प बसण्यातच ७२ तास निघून जातात.

आणखी एक. हे वाचून एचआयव्ही असलेल्या रुग्णावर राग काढू नका. 'स्टाफच्या सुरक्षेसाठी' म्हणून अशा रुग्णाचं ऑपरेशन नाकारणं त्याच कायद्यानं गुन्ह्यासारखंच चुकीचं ठरवलंय. भेदभावाला बंदी आहे. धोका निष्काळजीपणे टाकलेल्या सुईचा आहे.

फोटो काढून ठेवा

१. टोचलेली जागा वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट-ब्लीच चोळू नका. डोळ्यात उडालं तर साध्या पाण्यानं धुवा.

२. लगेच वरिष्ठांना सांगा आणि लेखी नोंद करा. वेळ लिहा.

३. पहिली गोळी शक्यतो दोन तासांत, कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत. गरज आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण रिपोर्टची वाट बघत पहिला डोस लांबवायचा नसतो. सरकारी मोठ्या रुग्णालयांत ही औषधं चोवीस तास हाताशी असावीत असं नॅकोचं मार्गदर्शन आहे.

४. सुरू केली तर २८ दिवस पूर्ण. तपासणी आधी एकदा, मग सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी. तोवर रक्तदान नको, निरोध वापरा.

५. हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर आधी घ्या. लस नसलेल्याला त्याचा धोका ६ ते ३० टक्के, एचआयव्हीच्या कितीतरी पट. सुई टोचल्यावर डॉक्टरांना याबद्दल आणि हिपॅटायटिस सी बद्दलही विचारा.

६. अडचण आली तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. नाव सांगायची गरज नाही.

शेवटी एक काम सांगतो. तुमच्या घरातलं कुणी दवाखान्यात असेल तर आज जेवताना एवढंच विचारा, "रात्री दोन वाजता तुला सुई टोचली तर गोळी कुठे मिळेल, माहिती आहे का?" उत्तर आलं नाही तर उद्या त्या दवाखान्यात जाऊन तुम्हीच विचारा. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्यात या उत्तराची पाटी लागलेली मला बघायची आहे. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी पाटीचा फोटो कमेंटमध्ये टाका, कौतुकानं छापेन. ज्यांच्याकडे नाही त्यांना मी येत्या पंधरवड्यात स्वतः भेटतोय.